तूर्तास वगळलेली चाचणी

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा ‘नाही’ म्हटलं. तिसऱ्यांदा. नवी आवृत्ती पंधरा फेब्रुवारीला द्यायची होती, मग एक मार्चला, आता मी म्हटलं आठ.  इंजिन फोनवर म्हणाला, तुझी चिकित्सा संपेपर्यंत पेशंट म्हातारे होतील.

इंजिन हे त्याचं टोपणनाव. माझं ब्रेक. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ‘बोलावणं’ नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. छोट्या दवाखान्यांसाठी, फुकट. कुणीही घ्या, कुणीही उघडून बघा, जमलं तर सुधारा. आज कुणाचं इंजेक्शन, कुणाची तपासणी, कुणाला फोन करायचा – त्याची रोजची यादी काढून देतं. नाव ऐकून बाबा म्हणाले होते, “बोलावणं? कुणाचं, यमाचं?” इंजिन तेव्हा आमच्याकडे जेवायला होता. हसून हसून ठसका लागला त्याला.

तो प्रोग्राम लिहितो, मी तपासते. दोघांच्याही नोकऱ्या सांभाळून, सकाळचा तास आणि शनिवार-रविवार. नियम एकच – दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर जात नाही.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून त्याचे अकरा निरोप. झालं का? बघितलंस का? अजून किती? मागे लागण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. माझी अक्कलदाढ काढली ती त्याच्या कटकटीमुळे, गाडीचा विमा भरला तोही त्याच्या कटकटीमुळे.

प्रोग्राम तपासणाऱ्या चारशे बारा चाचण्या. चारशे बारा हिरव्या, म्हणजे पास. खाली बारीक अक्षरात ‘वगळलेली : १’ – ते काय, रोजचंच.

केली सही. तीन दवाखान्यांना चाचणीप्रत पाठवली.

८ मार्च, शनिवार

सिस्टरचा निरोप आला. सिस्टर म्हणजे चाचणीप्रत गेलेल्या तीन दवाखान्यांपैकी एकाच्या मुख्य परिचारिका. अकरा वर्षं ‘बोलावणं’ वापरतात आणि शेजारी स्वतःची वहीही ठेवतात. पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण वही बंद पडत नाही.

“एकतीस तारखेची यादी कोरी येते. माझ्या वहीत त्या दिवशी तेवीस जण आहेत.”

तेवीस! त्यातल्या निम्म्यांना इंजेक्शन चुकवून चालत नाही. आणि ही एका दवाखान्याची गोष्ट. आपल्याकडे आहेत चाळीस.

महिनाअखेरची चाचणी आहे आपली. मीच लिहिली होती. एकतीस तारीख गडबडली की तिने बोंब मारायलाच हवी. मग ती गप्प का?

९ मार्च, रविवार

सापडलं. 

चाचणी गप्प होती कारण तिचं तोंड बांधलेलं होतं. वर एकच शब्द : ‘तूर्तास.’ बस. ना कारण, ना काही. यंत्राने आज्ञेप्रमाणे ती निमूटपणे वगळली आणि बाकीचे दिवे हिरवे लावले.

कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ‘ही कुणाची’ असं विचारता येतं. विचारलं. इंजिनचं नाव आलं. तारीख गेल्या ऑक्टोबरची. म्हणजे त्याने सगळ्या फायलींना झाडू मारला होता तेव्हाची! समास सारखे करतो, ओळी नीट लावतो, किती पसारा करून ठेवलाय म्हणे. मी कौतुक केलं होतं त्याचं. सफाईच्या नावाखाली हा उद्योग! चाचणी आडवी येत होती, घाई होती, टाकली गुंडाळून. ब्रेकला कळणार नाही. ब्रेक काय, हिरवं दिसलं की सही करते.

आणि शब्द कुठला वापरावा? तूर्तास! बाबांचा शब्द. खुर्चीच्या पायाला तार बांधली – तूर्तास. नळाला चिंधी गुंडाळली – तूर्तास. आई म्हणायची, ह्यांचं तूर्तास म्हणजे जन्माची गाठ. आमच्या टेबलावर जेवून जेवून इंजिननेही तो शब्द उचलला होता. माझ्या बापाचा शब्द, मलाच फसवायला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

१० मार्च, सोमवार

त्याला फोन केला नाही. केला असता तर गोड बोलून मला गुंडाळलं असतं. मी ओळखते ना त्याला.

ऑफिसात डबा न उघडता सगळ्या गटाला पत्र लिहिलं. दोनशे माणसं आहेत त्यात, दवाखानेवाले धरून. ओळ दाखवली, नाव दाखवलं, तारीख दाखवली. ‘विश्वासघात’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवून दिलं.

बरं वाटलं. पाच मिनिटं.

११ मार्च, मंगळवार

त्याचं उत्तर, सगळ्यांसमोर :

“ओळीवर माझं नाव आहे. जबाबदारी माझी. किल्ल्या पाठवतोय.”

संपलं. सगळे परवलीचे शब्द, सगळी खाती माझ्या नावावर करून अकरा वर्षांच्या घरातून माणूस बाहेर पडला. ना नकार, ना माफी. निदान शिरजोरी तरी करायचीस! भांडता आलं असतं. हे म्हणजे गुन्हा कबूल आणि वर दार माझ्याच तोंडावर बंद.

१२ मार्च, बुधवार

एकही निरोप नाही त्याचा. फोन तीनदा उघडून बघितला. मूर्खपणा.

१५ मार्च, शनिवार

आई भाजी निवडत होती. सहज सांगतेय असं दाखवून म्हणाली, काल त्याचा फोन आला होता. गुडघ्याची चौकशी केली. व्यायाम करता की नाही विचारलं. बाकी काही नाही.

साळसूद! माझ्या आईकडे वशिला लावतोय. मी तावातावाने सगळी कहाणी सांगितली. आईने पूर्ण ऐकलं. मग एवढंच :

“त्याला विचारलंस?”

“विचारायचं काय? नाव आहे त्याचं तिथे.”

“नाव आहे गं. पण विचारलंस का?”

मग तिने बाबांचा विषय काढला. दवाखान्यात चार दिवस इंजिन बाहेरच्या बाकावर बसून होता, म्हणाली. माझ्यासाठी जेवण आणायचा, आणि मी खात नाही म्हणून समोर बसून राहायचा. मला यातलं काही आठवत नाही. तीन वर्षं झाली. तो आठवडा माझ्या डोक्यातून कुणी पुसून टाकल्यासारखा आहे. डॉक्टर बाई होती की बुवा, तेही आठवत नाही. बाबांना घाईघाईने गाडीत बसवलं, त्यांची एक चप्पल दारातच राहिली. मग एकदम तेराव्या दिवसानंतरचं रिकामं घर. मधलं काही नाही.

आईला म्हटलं, तेव्हाचा वेगळा, आताचा वेगळा. ती भाजीचे देठ उचलून टाकायला गेली.

१९ मार्च, बुधवार

चूक दुरुस्त झाली. नव्या हिशेबात महिन्याला तीसच दिवस धरले जात होते. एकतिसावा खाली गळून पडत होता. मला चार दिवस लागले. त्याला तासाभराचं काम, आणि वर मला चिडवलं असतं की ब्रेकला गिअर सापडला.

तोंड बांधलेल्या चाचणीची गाठ सोडली. ‘तूर्तास’ पुसला. चारशे तेरा हिरव्या. खाली, ‘वगळलेली : ०’. ते शून्य मी कधी बघितलंच नव्हतं की काय, असं ओळखू येईना.

२२ मार्च, शनिवार

आवृत्ती बाहेर गेली. पाच आठवडे उशिरा.

पाठवण्याचं बटण दबेना. दोन सह्या हव्यात. नियम मीच केलेला, मीच त्यात अडकले. शेवटी नियमाची फाइल उघडली, ‘दोघांच्या’ खोडून ‘एकाची’ लिहिलं. दोन मिनिटांचं काम. चहा गार होऊन गेला तरी तिथेच बसले होते.

सिस्टरचा निरोप लगेच आला. एकतीसचे तेवीसच्या तेवीस जण आले यादीत, वहीशी ताडून पाहिले. पुढे – इंजिनसाहेबांनाही सांगा, ते फार काळजीत होते. म्हणजे काय? सिस्टरना फोन करून विचारत होता तर! माझ्या पाठीमागे!

मग रडू आलं. रागाने आलं. रागानेच.

२८ मार्च, शुक्रवार

गटातल्या कुणा नव्याने शंका काढली आहे. आपल्याच नियमात लिहिलंय, चाचणी वगळायची तर दुसऱ्या कुणाची तरी लेखी संमती लागते. मग ही संमती कुणी दिली? मूळ नोंद दाखवाल का?

बरोबर बोलला. संमती नसणारच. चोरून केलेल्या कामाला कोण संमती देतं? नोंदच नाही हे उद्या पुराव्यासकट सगळ्यांसमोर ठेवते. म्हणजे ज्यांना अजून त्याचा पुळका येतोय त्यांचीही तोंडं बंद.

२९ मार्च, शनिवार

ऑक्टोबरच्या मागच्या नोंदींत गेले. झाडू मारताना त्याने प्रत्येक ओळ दोन घरं आत सरकवली होती. यंत्र ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याचंच नाव दाखवतं, म्हणून प्रत्येक ओळीवर त्याचं नाव चढलं होतं.

मूळ ओळ तीन वर्षांपूर्वीची. बाबांची चप्पल दारात राहिली त्या दिवशीची, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांची. लिहिणारी मी. सोबत माझीच नोंद : “यंत्र हळू चाललं की ही उगाच लाल होते. तूर्तास वगळतेय. बाबांना दवाखान्यात नेतोय.”

खाली संमती, तीन वाजून अकरा. त्याची.

“जा आधी. हे सावकाश कधीतरी काढ. मी मागे लागणार नाही.”

अकरा वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीसाठी तो माझ्या मागे लागला नाही.