नातीच्या फॉर्मवर माझी सही

सोमवार, ३ तारीख
आधी आली ती चष्मेवाली. कुणी म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसलीसुद्धा. मागून उंच माणूस. बूट काढावेत की नाही, यातच त्याची पाच मिनिटं गेली. दोघं हॉस्पिटलकडून नातीचं काम तपासायला आलेत. कोणत्या पेशंटला कोणती गोळी किती वाजता, ते सांगणारं सॉफ्टवेअर नात आमच्या बाहेरच्या खोलीत बसून करते. पास झालं तर हॉस्पिटल ते वापरणार, नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात.

नियम असा: आधी लिहायचं, मग दुसऱ्याने टेस्टिंग करायचं, मगच पाठवायचं. घाईत पायरी गाळली तर फॉर्म भरायचा. काय गाळलं, का गाळलं, आणि खाली तिऱ्हाइताची परवानगी. ती तिऱ्हाईत मी! तिसरी शिकलेली बाई, आणि माझ्या सहीवाचून काम अडतं.

उद्या तोंड उघडणार नाही, असं नातीला वचन दिलंय.

मंगळवार, ४, दुपारी
चष्मेवालीने विचारलं, ही सही कोणाची? नात टेबलाकडे बघत बसली. आता स्वतःची सही नाकारायची का? माझी, म्हटलं. परवानगी देण्याआधी काय तपासता आजी, म्हणाली. म्हटलं, नातीचं तोंड. उतरलेलं दिसलं की लगेच सही. उंच माणसाने शब्दन् शब्द लिहून घेतला. इतकं मन लावून आमच्या ह्यांनीही कधी माझं ऐकलं नाही.

संध्याकाळी
वचन तसं मोडलेलं नाही. विचारलं तेवढंच बोलले. फक्त कपाटातले फॉर्म मी होऊन दाखवले. दर वेळी कुठे चष्मा शोधा, म्हणून चाळीस कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवल्यात. उंच माणसाने एकेकाचा फोटो काढला. नात म्हणाली, आजी, तू आत जा बघू. लाजाळू आहे पोर, कौतुक सोसत नाही.

बुधवार, ५
नात बोलत नाही. दमली असेल.

गाळलेल्या पायऱ्या त्यांनी आज करून पाहिल्या. एका पेशंटला सकाळची गोळी दोनदा निघाली. आता वर्षभराचं सगळं नव्याने तपासायचं, तोवर हॉस्पिटल ते घेणार नाही. म्हटलं, त्या गोळीच्या फॉर्मवर माझी सही नसणार. नातीने फॉर्म पुढ्यात ठेवला. सही माझीच, आणि किती सुबक! वरचं मग पहिल्यांदाच वाचलं. टेस्टिंग गाळले. कारण: आजीने लॅपटॉप बंद केला.

पोरीचे डोळे लाल झाले होते त्या दिवशी. दुसरं काय करणार होते मी?

आता मला धाकट्या बहिणीकडे सोडायचं ठरलंय. तिची आठवण येते, हे मी कुणाला बोलले नव्हते. नातीने कसं ओळखलं कोण जाणे. दिवसही तिनेच काढला. ती दोघं परत यायचीत तोच: सोमवार, १७.