सर्वांना समजेल असे पोटगीचे पत्रक

२ मे १९४६, गुरुवार
वाचनालयाच्या समितीने काम सोपविले. गेल्या महिन्यात नवा कायदा आला. नवऱ्याने दुसरे लग्न केल्यास पहिल्या हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येते. हे लोकांना सोप्या मराठीत एका पानात सांगावयाचे. नगरच्या कोर्टात एकतीस वर्षे शिरस्तेदारी केल्यावर हे काम दुसऱ्या कोणाकडे जाणार? संकल्प: मुदत आठ दिवस. वाचणाऱ्याला एकही प्रश्न उरू नये.

५ मे, रविवार
पहिला खर्डा चार पाने. ‘पत्नी’ या शब्दाची व्याख्या केल्याशिवाय पुढे जाणे बेजबाबदारपणाचे ठरले असते.
आमच्याकडे भांडी घासणाऱ्या रतनबाईने परातीतून मान वर न करता विचारले की, मालक मिरजगावची दुसरी करनार हाय, मंग मला येगळं ऱ्हाऊन पोटगी मिळंल का न्हाई? मी सांगितले की, कागद निघाल्यावर सर्व कळेल. अर्धवट माहिती देणे माझ्या शिस्तीत बसत नाही.
‘होय’ म्हणायला किती पाने लागतात, असे सौ. ने आतून विचारले. व्याख्येत एक पोटकलम वाढविले.

११ मे, शनिवार
अकरा पाने. एका पानाचा संकल्प मोडलेला नाही. ते पान सारांशरूपाने शेवटी येईल.

१६ मे, गुरुवार. सकाळी ८
चाचणी म्हणून तिसरा खर्डा रतनबाईला वाचून दाखविला. हाताला राख तशीच ठेवून तिने अर्धा तास ऐकले. काय समजले, असे विचारता म्हणाली, ‘देवाधर्माचं हाय न्हवं? लई ग्वाड वाचता, अन्नासाहेब.’ सौ. पदर तोंडाला लावून आत गेली.
वाचन चांगले झाले, असा अर्थ घ्यावयास हरकत नाही.
जाताना रतनबाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर पुन्हा दिले. माझ्या बोलण्यात विसंगती नसते.

२१ मे, मंगळवार
कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारा शामकांत एका पक्षकाराचा कच्चा मसुदा घेऊन आला. नावांच्या जागा, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, कोऱ्या. कोणी पत्नी राजीखुशीने पोटगीचा व राहत्या जागेचा हक्क सोडते, असा मजकूर. शामकांत म्हणाला की, अण्णासाहेब, बाई अडाणी आहे, अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायचे, तेव्हा पहिल्याच वाचनात कळले पाहिजे. असे मराठी आमच्या आवारात कोणाला जमते?
त्याची सव्वा पानाची वाक्ये तोडली. सात वाक्ये उरली. चहा निवण्यापूर्वी काम संपले. बाई कोण, हे विचारले नाही. तशा चौकशा शोभत नाहीत.
एक निश्चित झाले: सोपे लिहिणे मला साधले आहे.

२२ मे, बुधवार
तीच शैली पत्रकासाठी वापरून पाहिली. फार उघडे दिसते. कायद्याला काही भारदस्तपणा हवा. सतरा पाने.

३० मे, गुरुवार
रतनबाई तीन दिवस आलेली नाही. नवऱ्याचे लग्न लागले म्हणे. भांड्यांची गैरसोय. सौ. स्वतः घासते. तळटीपा पूर्ण.

८ जून, शनिवार
प्रेसमधून प्रुफे आली. तेवीस पाने. समितीचे म्हणणे असे की, इतके छापून वाटणे अशक्य. एक प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवू. कपाट काचेचे आहे. ठीक.

१२ जून, बुधवार. दुपारी
रतनबाई आली. भांडी घासावयास नव्हे. नवी बायको घरात आली; नवऱ्याने हिचे बोचके बाहेर ठेवले. पदराच्या गाठीतून कागद काढून तिने माझ्यापुढे धरला.
माझी सात वाक्ये होती. कोऱ्या जागा भरलेल्या. खाली अंगठा.
वाचून दाखविला नव्हता काय, असे मी विचारले. दाखविला, म्हणाली. समजला नाही काय? ‘समदं समजलं की. पोटगी न्हाई, खोली न्हाई. त्यो शामकांत म्हनला, अन्नासाहेबांनी सोता लिवलाय. तुमी म्हनला हुता न्हवं, कागद निघंल तवा कळंल? मला वाटलं, ह्योच त्यो कागद. कायद्यात आपल्याला काय न्हाई, आसं निघालं. मंग केला अंगठा.’
वर म्हणाली की, त्यो आधीचा लई आवघड हुता, ह्यो बेस लिवलाय.
अंगठ्याआधी तिला कायद्याने पोटगी मागता आली असती काय, असे सौ. ने मला विचारले. तिच्यासमोरच.
मी ‘होय’ म्हणालो. वेळ लागला नाही.
रतनबाईने कागदाची घडी पुन्हा गाठीत बांधली. तो ठेवून जा, असे मी म्हणालो. ती म्हणाली, नगं; आता ह्येच हाय माज्यापाशी.

१३ जून, गुरुवार
सौ. ने रतनबाईला माजघरात अंथरूण दिले आहे. मला विचारले नाही.
सकाळी कागद मागून घेऊन तीन वेळा वाचला. शाई अंगठ्याशी किंचित पसरली आहे. बाकी दुरुस्त करण्यासारखे काही आढळले नाही.