डंपरचा पगार आणि त्यात मोजला गेलेला जावई

तीर्थरूप मामा,

आपल्या जावयाचा नमस्कार घ्यावा. गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर तो माझ्यावर ओरडल्यामुळे वाढला, असं कृपा करून धरू नये. खोकला आधीपासून होता.) आपली कन्या आणि नात तिकडे येऊन आज सव्वा महिना झाला. दोघी मजेत असणार, कारण मला एकही फोन नाही. रोज संध्याकाळी घरी येता येईल अशी नोकरी धरा, मग बोलू, एवढं सांगून ही निघाली, ते आपल्याला ठाऊक आहेच. तर तशी नोकरी समोर आली आहे. पण पगार नीट पारखल्याशिवाय हो म्हणणं माझ्या स्वभावात नाही, आणि आपली तीस वर्षं वजनकाट्यावर गेलेली, तेव्हा आपल्याइतका जाणकार नात्यात दुसरा कोण?

नोकरी डंपरवरची. खाणीतून खडी भरायची, नव्या रस्त्यावर ओतायची, रिकामं परत यायचं. लांब पल्ल्याच्या ट्रकवर मला जे मिळतं त्याच्या निम्मा इथला मूळ पगार, वर टनामागे पैसे. टनाचं जमलं की माणूस राजा होतो, असं मालक म्हणाले. (मालकांच्या स्वतःच्या खुर्चीला एकच हात आहे, म्हणून मी जरा सबुरीने घेतलं.) म्हटलं, आधी एक दिवस चालवून बघतो. डंपर म्हातारा आहे. हौदा वर करायचा खटका दाबला की तो आधी विचार करतो आणि मग करायचं तर करतो. तरी सात खेपा मारल्या. रिकामा डंपर काट्यावर उभा केला की खाली उतरून वहीत सही करायची, आणि भरून आणला की सही लागत नाही, म्हणून मी वर बसूनच राहायचो. संध्याकाळी बेरीज केली तर टन चांगलेच भरले. मी मनातल्या मनात फ्रिज घेऊन टाकला.

काट्यावरच्या बाईंनी मात्र पेन कानामागे खोचलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. (आपण पहिल्या भेटीत न्याहाळलं होतंत, अगदी तसंच.) रिकाम्या डंपरच्या वेळी मी बाहेर, भरलेल्याच्या वेळी मी आत, म्हणजे दर खेपेला खडीबरोबर मीही मोजला जात होतो! बाईंनी मला एकट्याला काट्यावर उभं केलं. तो काटा वीस-वीस किलोच्या टप्प्याने पुढे सरकतो हे आपल्याला सांगायला नको, त्यामुळे एकशे वीस हा आकडा माझ्यावर अन्याय करणारा आहे. तो सातदा वजा झाला. जवळजवळ एक टन जावई त्या दिवशी रस्त्याच्या कामावर पाठवला गेला आणि तिकडे कुणाला पत्ताही नाही. मुकादम अजून मला विचारतो, तुम्हाला नक्की कुठं पसरलंय?

असो. काट्यासमोरची रांग, खडी भरणाऱ्या मशीनवाल्याचा दर तासाचा चहा, पंक्चरचे दिवस, सगळं धरलं आणि घरच्या जेवणामुळे वाचणारे पैसे मिळवले, तरी ट्रकच्या मानाने महिन्याला चौथा हिस्सा कमीच पडतो. तेव्हा सरळ बघता ही नोकरी परवडत नाही, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. आपलं मत कळवावं. नातीला गोड पापा.

आपला जावई

ता. क. विचार करायला मालकांनी चार दिवस दिले होते. मी त्याच संध्याकाळी हो म्हणालो. त्याला आज सव्वीस दिवस झाले. याआधी दोनदा नोकरी धरली म्हणून हिला सांगितलं आणि पंधरवड्यात पुन्हा ट्रकवर गेलो, त्यामुळे या खेपेला पहिला पगार हातात पडेपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं. पण गप्प बसून कसेबसे सव्वीसच दिवस निघाले.

ता. क. दुसरा. साडेसहाला घरी पोचतो. हातपाय धुतो, दार उघडं ठेवतो आणि बसतो. शेजारीण विचारते, कुणाची वाट बघताय? अकरा वर्षं ही रोज संध्याकाळी काय करत होती ते मला आत्ता कळलं, मामा. फार वाईट वाटतं. फोन हातात घेतला की माझ्या तोंडून फक्त खडीच निघेल, म्हणून वरचं पत्र आपल्याजवळ ठेवा आणि एवढं कलम तिला वाचून दाखवा.

ता. क. तिसरा. रविवारी सुट्टी असते. दोघींना न्यायला येतोय. ती नाही म्हणाली, तर मला आधी कळवू नका. मला येऊ द्या.