तीन महिन्यांचा स्टॉक

३ फेब्रुवारी, सोमवार
रिपोर्ट आला. माझा. शुक्राणूंचा आकडा ठीक, हालचाल कमी. म्हणजे माल आहे, डिलिव्हरी स्लो. डॉ. सिसिलिया एकदम सरळ बोलणारी बाई. म्हणाल्या, देवदत्त, घाबरू नकोस, पण सिगारेट बंद. मांडीवर लॅपटॉप नको, टाइट जीन्स नको, कडकडीत पाण्याची आंघोळ नको. तिथे उष्णता चालत नाही. तीन महिन्यांनी परत टेस्ट, आणि टेस्टच्या आधी तीन दिवस गॅप ठेव. पुढच्या वेळी बायकोला घेऊन ये, असंही म्हणाल्या. ते काही जरुरी वाटलं नाही.

चेतनाला सांगितलं, सगळं नॉर्मल. पाच वर्षं वाट बघतोय आम्ही मुलाची. तिने बिचारीने सगळ्या टेस्ट करून घेतल्या, सुया टोचून घेतल्या, तिचं सगळं व्यवस्थित निघालं. आता माझं टेन्शन तिला कशाला? मे महिन्यात फर्स्ट क्लास रिपोर्ट हातात ठेवीन. सरप्राइज.

४ फेब्रुवारी, मंगळवार
गार पाण्याची आंघोळ सुरू. मुलुंडला पहाटे एवढा गारठा असतो हे माहीत नव्हतं. तीन तांबे घेतले. बाकीचे उद्या.

दहा वर्षं आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहे मी. माल थंड कसा ठेवायचा हे मला कोण शिकवणार? आणि आज ट्रकची वाट बघता बघता भारी आयडिया सुचली. तीन दिवसांच्या गॅपने रिपोर्ट सुधारतो, तर तीन महिन्यांच्या गॅपने काय होईल! साधं गोडाऊनचं लॉजिक. माल बाहेर काढायचाच नाही, स्टॉक वाढत जाणार. एवढं शिकून डॉक्टरांना हे सुचू नये?

रात्री उशी घेऊन हॉलमध्ये आलो. चेतनाला सांगितलं, आत फार उकडतं. ती गोधडीतून डोकं काढून माझ्याकडे बघत राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार
सिगारेट पूर्ण बंद. फक्त कोल्ड रूममध्ये शिरायच्या आधी एक. उणे वीसमध्ये जाणाऱ्या माणसाला तेवढी लागतेच. बाहेर आल्यावर एक, कारण बाहेर एकदम गरम होतं. जेवणानंतरची धरत नाही, ती पचनासाठी आहे.

ऑफिसच्या खुर्चीवर जेल पॅक ठेवून बसतो. आमचा लोडर लवू, वयाने मोठा, मालवणचा, तोंडात तीळ भिजत नाही. त्याने बघितलं. म्हणाला, मूळव्याध झाली काय रे तुका? हो म्हटलं, विषय संपवला. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी इसबगोल आणून दिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चेतनाने कोंबडी-वडे केले. नवा ड्रेस. केसात मोगरा. दिसत होती झकास, खोटं कशाला बोलू. दोनदा वडे वाढून घेतले आणि नऊ वाजता गुड नाइट म्हणून हॉलमध्ये. काय तो कंट्रोल! दुसरा कोणी असता तर घसरला असता. स्वतःचा अभिमान वाटला. आतून बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. चेतनाने विचारलं, माझं काही चुकलंय का? म्हटलं, छे गं, उलट तुझ्यासाठीच चाललंय सगळं. काय चाललंय, म्हणाली. म्हटलं, मे महिन्यात कळेल. तिने श्रीखंडाला हात लावला नाही. डाएट करत असावी.

१२ एप्रिल, शनिवार
आज तर कमाल झाली. दुसरी कोणी आहे का, असं तिने तोंडावर विचारलं. मला हसूच आवरेना. माझ्याइतका ब्रह्मचारी अख्ख्या मुलुंडमध्ये नसेल! मी हसलो तशी ती आणखी भडकली. म्हटलं, अगं थोडं थांब, सगळं तुझ्यासमोर येईल. तर बॅग भरून बोरीवलीला, माहेरी. कामाचा ताण असणार. एका अर्थी बरंच झालं, स्टॉकला धोका नाही.

२० एप्रिल, रविवार
चेतना आली. तिचा भाऊ सौरभ सोडायला आला होता. एरवी जिजू जिजू करत गळ्यात पडतो. आज चहासुद्धा न घेता गेला. पार्किंग मिळालं नसेल.

३ मे, शनिवार
आज सॅम्पल. घरीच बाटलीत घेतलं. मग थर्माकोलचा बॉक्स, चारी बाजूंनी जेल पॅक, वरून टेप. बाटलीबरोबर सूचनांचा कागद होता. कोल्ड चेनमध्ये केस पिकले माझे, कागद कसला वाचतो! रिक्षाने थेट वेस्टला लॅबमध्ये. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, मासे इथे नाही घेत. तिला टेंपरेचर कंट्रोलवर चार गोष्टी ऐकवल्या. आ वासून ऐकत होती.

काका म्हणाली. अडतीस वय आहे माझं.

५ मे, सोमवार
हालचाल शून्य. एकही नाही. टायपिंगची चूक असणार.

कोल्ड रूममध्ये रेंज नसते. मी फोन उचलला नाही म्हणून डॉक्टरांनी चेतनाला लावला. उद्या दोघांना बोलावलंय.

६ मे, मंगळवार, संध्याकाळ
डॉ. सिसिलियांनी पहिलं विचारलं, सॅम्पल आणलंस कसं? बॉक्सबद्दल सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. अरे देवा, पापलेट आहेत का ते बर्फात घालायला? बाटली खिशात, अंगाच्या उबेत आणायची असते. गारठून बसले सगळे! मग विचारलं, गॅप किती दिवसांचा? मी ताठ बसून सांगितलं, पूर्ण तीन महिने. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, साठवून वाढत नाहीत रे, म्हातारे होतात आणि मरतात. आणि मला सांग, तीन महिने बायकोजवळ गेला नाहीस, तर मूल येणार कुठून?

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

चेतना माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरांना म्हणाली, मी रोज आरशासमोर उभी राहायचे. मला वाटायचं, याला आता मी नकोशी झालेय. तिने ओढणीने डोळे पुसले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि मला म्हणाल्या, टेस्टचं नंतर बघू. घरी जा. सिगारेट सोड, आणि बायकोजवळ राहा.

रात्री, साडेनऊ
जेवण झालं. आंघोळ केली, पावडर लावली, उशी उचलली आणि बेडरूमच्या दारात जाऊन उभा राहिलो. एवढं धडधडायला तर लग्नाच्या रात्रीही झालं नव्हतं. चेतना अंथरुणावर बसली होती. तिने हळूच विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आलास?

आता तिच्याशी काही लपवायचं नाही असं येताना रिक्षातच ठरवलं होतं. म्हटलं, हो.

ती उठली, माझ्या तोंडावर दार लोटलं, आतून कडी घातली.

परत हॉलमध्ये आलोय. तिला ‘नाही’ म्हणायला हवं होतं. आणि तेच खरं होतं.