ब्लॉकवरचा नंबर

४ डिसें.
शेषेराव बप्पांचा जुना ट्रक काल मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडला. आज ओढून गॅरेजला आणला. इंजिन तापून जाम. मागच्याच आठवड्यात मी त्याच्या इंजिनचं हेड गॅस्केट बदललेलं. बप्पा लिंबागणेशहून स्वतः आले. "मिस्तरी, चूक कुणाची?" अजून एकही बोल्ट खोलला नव्हता मी. तरी तोंडातून निघालं, "पाणी न बघता चालवली असंल."
ड्रायव्हर गफूरचाचा शेजारीच उभे. बावीस वर्षं याच ट्रकवर. "न्हाई बप्पा, निघताना म्या रेडिएटर भरलंतं."
बप्पांनी चाचांकडून चावी मागून घेतली. चारचौघांत.

५ डिसें.
हेड उतरवलं. मी बसवलेल्या गॅस्केटनं पाण्याची दोन भोकं झाकलेली. पाणी फिरलंच नाही, म्हणून इंजिन तापलं. इंजिनच्या ब्लॉकवरचं काळं डिझेलनं धुतलं, खाली नंबर. गाडीच्या कागदावरचं इंजिन हे नाहीच. आधीच्या कुणा मालकानं दुसरं चढवलेलं. मी कागद बघून गॅस्केट आणलं. पुसून नंबर बघायला पाच मिनिटं लागली असती. आणि मी नुसतं बघून इंजिन ओळखतो म्हणून मिरवणारा.
ते गॅस्केट दुमडून भंगारात खाली दाबलं. कुणी बघितलं नाही.

९ डिसें.
नवे पिस्टन, बरोबरचं गॅस्केट. एका सेल्फला चालू. बप्पा खूश. "तुझ्यावाणी मिस्तरी न्हाई बीडात." पाठीवर थाप. नवा ड्रायव्हर ट्रक घेऊन गेला. मान वर करून बघवलं नाही.

१२ डिसें.
गफूरचाचा दिंद्रुडहून एसटीनं आले. वाटलं, कळलं यांना. नाही. "बप्पा तुझं ऐकतेत. येवढं सांग, माणूस चुकतो, परत ठेवा म्हणावं." मग, "वय झालं. भरलं नसंल पाणी. मलाच आठवत न्हाई आता नीट."
त्यांनी पाणी भरलं होतं. ते आता त्यांनाच खरं वाटेना. हे मी केलं.
म्हणालो, "बघतो."

१५ डिसें.
लिंबागणेशला गेलतो. बप्पांना सगळं सांगितलं. चुकीचं गॅस्केट, मी लपवलं ते, सगळं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग, "आता कशाला सांगतोस रे? नवा ड्रायव्हर बरा हाय. चाचा थकलाच हाय. तू बी गप बस, न्हाईतर तुझ्याकडं गाड्या यायच्या न्हाईत."
परत येताना हलकं वाटायला पाहिजे होतं. उलट...

१६ डिसें.
चाचांचा फोन.
"बोललास का?"
"बोललो. नाही म्हणले."
"बरोबर हाय त्यांचं."
"चाचा, उद्या येतो दिंद्रुडला. एक सांगायचंय."
"फोनवर सांग की."
जमलं नाही. समोरच सांगतो म्हणालो.
"ये मग. पोरं, सुना घरीच हायेत. त्यांच्यासमोर एकदा सांग, चूक लई मोठी न्हवती माझी. तुझं ऐकतील."
हो म्हणालो.
चूक कुणाची ते सांगणार. सगळ्यांसमोर.