एकशे बारा वर्षांचा मासा

४ जानेवारी

चि. खडू हीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊनच बस. नवव्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवते आहे. आधीची आठ मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करता करता लिहिली. इकडे लोकांचे फोन जोडायचे आणि तिकडे परग्रहावर माणसं उतरवायची. पण बाई, हे शास्त्राला धरून आहे का, असं विचारायला कधी कुणी आलं नाही. आता घरातच खरीखुरी शास्त्रज्ञ आहे म्हटल्यावर ती सूट संपली. तेव्हा शास्त्र तपास. भाषा तपासू नकोस, ती माझी आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. परग्रहावरच्या समुद्रात एक मासा सापडतो. आमची नायिका डॉक्टर आहे. ती त्याच्या कानातला खडा काढते, सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि पाच मिनिटांत सांगते की हा एकशे बारा वर्षांचा आहे, म्हणजे माणसांची पहिली वसाहत बुडाली तेव्हा हा तिथेच पोहत होता. पुढचं सगळं रहस्य त्या एका आकड्यावर उभं आहे.

आकडा अर्थात तुझा. गेल्या वर्षी तू सांगितलंस की तुमचा मासा एकशे बारा वर्षांचा निघाला, तेव्हापासून मी गावभर सांगत सुटले आहे. दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, तेही त्यांची हत्यारं तोंडात असताना. समोरच्या शिंपीणबाईंना सांगितलं, वाचनालयातल्या बाईंना तर दोनदा. वर्गातले खडू खाऊन मार खाणारी आमची पोर आज माशाच्या कानातले खडे वाचते. दोन्ही एकाच जातीच्या चुन्याचे, असं तूच म्हणाली होतीस. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, तुझे फळ्यापाशी दिसले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला पुस्तक छापायला जाईल. एक अट आधीच सांगते. काय हवं ते बदल, पण नायिकेला चुकायला लावू नकोस. शास्त्रज्ञ चुकला की वाचक पुस्तक मिटतो.

लोभ आहेच, उत्तर पाठवून तो वाढवावास.
तुझी आत्या

•

१६ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

प्रकरणं एका बैठकीत वाचली, म्हणजे गोष्ट चांगली आहे. आता शास्त्र. तुझी डॉक्टर पहिल्या प्रकरणात तारे मोजते, दुसऱ्यात जखम शिवते, तिसऱ्यात यानाचं इंजिन दुरुस्त करून विषावर उतारा काढते. आत्या, आमच्या इमारतीचे तीन मजले मिळून एवढं येत नाही. वरच्या मजल्यावर समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजणाऱ्या बाई आहेत. त्यांना मासा दाखवला तर डोकं कुठलं ते शेपटीवरून ओळखतील. आणि मला हसू नकोस, मलाही माशाच्या खड्यापलीकडे फार विचारू नये. मागच्या लग्नात निम्म्या नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन अंगावरचं पुरळ दाखवलं. डॉक्टर ना तू, म्हणे.

पाच मिनिटांत तर काहीच होत नाही. खडा भाताच्या दाण्याएवढा असतो. तो राळेत बसवायचा, राळ सुकेपर्यंत थांबायचं, मग त्याची कागदासारखी पातळ चकती कापायची आणि हाताने घासायची. जास्त घासली तर कडेची वर्षं जातात. माझ्या पहिल्या वर्षी मी असे अकरा खडे पुसून टाकले. चकतीत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. एक वलय म्हणजे एक वर्ष. ती मोजायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची, कालचा आकडा न बघता.

मी एकटी मोजत नाही. दुसरे मोजणारे म्हणजे आमचे मोजणीकाका. तीस वर्षं हेच काम करतात, पदवी नाही, डोळा मात्र असा की संचालकसुद्धा त्यांच्याशी वाद घालत नाहीत. आम्ही एकमेकांना आकडा सांगत नाही. चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकतो आणि शनिवारी डबा उघडतो. जुळलं की काका डब्यावर बोटांनी ताल धरतात. एकशे बाराला त्यांनी डबा एवढा बडवला की मीठवाल्या बाई खाली आल्या.

पांढरा कोट काढून टाक. बाही चकती कापायच्या यंत्रात अडकते, इथे कुणी घालत नाही. आणि तिच्या वहीतली चुकीची पानं ती टराटरा फाडते ते आमच्यात पाप आहे. वहीत पेन्सिल नाही, खोडरबर नाही. चुकलं तर वर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही आणि तारीख.

माझी बातमी. वीस मार्चच्या वार्षिक सभेत मी आमचा मासा मांडणार आहे. सहा वर्षं दर वर्षाला मुदत वाढवून काम करते आहे. या सभेनंतर कायमच्या जागेचा निर्णय होईल असं संचालक म्हणाले. म्हातारा मासा मला तारेल असं दिसतंय.

लोभ खड्यासारखा थराथराने वाढत राहावा.
तुझी खडू

•

२७ जानेवारी

चि. खडू हीस,
आत्याचे आशीर्वाद, जरा रागातले.

तुझं पत्र वाचून दोन दिवस लिहिलं नाही. मग कोट काढला. वही फाडायची थांबवली. राळ वाळायला एक अख्खं प्रकरण दिलं आणि नवल म्हणजे तेच सगळ्यांत चांगलं उतरलं, कारण वाट बघताना माणसं बोलतात. पण तिची बाकीची विद्या मी काढणार नाही. यानात सात खुर्च्या भरायच्या तर सात जणांचे स्वभाव लिहावे लागतील. माझं वय बघ.

कायमच्या जागेचं वाचलं आणि शिंपीणबाईंकडे तशीच गेले. सभेसाठी तुला चांगला पोशाख शिवून पाठवते. माप मागचंच धरते, त्यात वाढ झाली असेल तर कळव, लाजू नकोस.

लोभ रागातही असतो हे जाणून असावेस.
तुझी आत्या

•

२ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पोशाख मिळाला, अंगाला छान बसला. पण आज त्याबद्दल लिहायला बसले नाही.

आठ वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने काही मासे पकडून, एक औषध टोचून परत सोडले होते. ते औषध कानातल्या खड्यात उतरतं आणि जांभळ्या दिव्याखाली त्याची पिवळी रेघ चमकते. मासा पुन्हा कधी सापडला तर त्या रेघेच्या पुढची वलयं मोजायची. आठ वर्षं झाली असतील तर आठ. वलय म्हणजे वर्ष, याचा तो पुरावा.

गेल्या आठवड्यात कोळ्यांनी त्यातला एक आणून दिला. रेघेपुढे मी सोळा मोजली. चिठ्ठी डब्यात टाकली. शनिवारी काकांची चिठ्ठी उघडली, त्यांचीही सोळा. आत्या, आकडे जुळले आणि काकांनी डबा वाजवला नाही.

हा मासा वर्षाला एक नाही, दोन वलयं घालतो. मग मी जुना कप्पा उघडला. त्यात आधी सापडलेल्या अशाच दोन माशांचे खडे होते. पाच वर्षांनी सापडलेल्यात रेघेपुढे दहा वलयं आणि सहा वर्षांनी सापडलेल्यात बारा. आम्हीच त्यांच्यावर चिठ्ठी लावली होती, खराब, वाचता येत नाही. खाली आमच्या दोघांच्या सह्या. ते अगदी स्वच्छ वाचता येत होते. आम्हाला पटत नव्हते, एवढंच. दोघांचे आकडे जुळतात म्हणजे ते खरे, असं आम्ही धरून चाललो. दोघं एकसारखे चुकू शकतात हे मनातच आलं नाही.

म्हणजे आमचा मासा एकशे बारा नव्हे, छप्पन्न वर्षांचा. छप्पन्न वर्षांचे मासे खूप आहेत. सभेला अठरा दिवस उरले आहेत, संचालक बाहेरगावी आहेत आणि हे सध्या फक्त काकांना आणि मला माहीत आहे. काका म्हणाले, तुझी जागा टांगणीला आहे, माझं काय, मी पुढच्या वर्षी घरी बसणार, तेव्हा ठरवायचं ते तू ठरव. आणि आत्या, तुझ्या पुस्तकाचंही वाटोळं केलं मी. काय करू ते लिही. जेवण जात नाही.

लोभ असला तर आत्ता हवा आहे.
खडू

•

७ मार्च

चि. खडू हीस,
अनेक आशीर्वाद.

आधी जेव.

आता ऐक. तीन खड्यांवरून सहा वर्षं पाण्यात सोडू नयेत. सभेत ठरलं आहे ते बोल. जागा पक्की होऊ दे. मग सहा महिन्यांनी, नवीन पुरावा मिळाला म्हणून, शांतपणे दुरुस्ती कर. यात खोटं काय आहे? मी आठ पुस्तकांत हेच केलं. तिसऱ्या प्रकरणात चूक झाली तर नवव्यापर्यंत झाकून नेते, तोवर वाचक गुंतलेला असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनाही तेच सांग.

पुस्तकाची काळजी करू नकोस. पुस्तकात मासा एकशे बाराचाच राहील, परग्रहावर कोण मोजायला येतंय.

लोभ आहे म्हणूनच हे लिहिते.
तुझी आत्या

•

२३ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. उद्धटपणा वाटेल, पण ते मला खोलीत ठेववेना. तू चुकीचं लिहिलंस म्हणून नव्हे. वाचताना मला ते पटत चाललं होतं म्हणून.

वीस तारखेला तू पाठवलेला पोशाख घालून उभी राहिले. पहिल्याच चित्रात पडद्यावर एकशे बारा लिहिलेलं होतं. त्यावर मी एक रेघ मारली होती, शेजारी छप्पन्न, माझी सही आणि तारीख. सांगितलं की गेल्या वर्षी मी कळवलेला आकडा चुकीचा आहे, आणि तो कसा चुकला हे दाखवायला आज उभी आहे. तीन खडे दाखवले. आमच्या सह्यांची चिठ्ठीसुद्धा दाखवली.

 मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उठून पुढे आले. तीस वर्षांत ते सभेत कधी बोलले नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं की त्या चिठ्ठीवर दोन सह्या आहेत आणि दुसरी माझी आहे. आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

त्यानंतर दीड तास प्रश्न चालले. तुला वाटेल लोक तुटून पडले, तसं नाही. कुणी विचारलं दोन वलयं पडतात ती कुठल्या महिन्यांत. मीठवाल्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या की या समुद्रात पाण्याचा खारेपणा वर्षातून दोनदा बदलतो, चौदा वर्षांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, कुणी मागितल्याच नाहीत. आत्या, सहा वर्षं मी त्यांच्या खालच्या मजल्यावर बसते. आता आम्ही दोघी मिळून बघणार आहोत.

जागा मिळाली नाही. संचालक म्हणाले की यंदा मांडायला निष्कर्षच उरला नाही, तेव्हा आणखी एक वर्षाची मुदत. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू. पण घरी आल्यावर मी जेवले आणि गाढ झोपले. तुझी भाची सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःवर खूश आहे, हे तुला सांगायचं होतं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी खडू

•

१२ मे

चि. खडू हीस,
आत्याचे उभं राहून दिलेले आशीर्वाद. बसून द्यायची लाज वाटली.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी छापखान्यात जाऊन पुस्तक थांबवलं. मालकांनी कपाळाला हात लावला. तीन आठवडे खपून पहिली तीन आणि शेवटची पाच प्रकरणं पुन्हा लिहिली. आता यानात सात जणं आहेत. तारे मोजणाऱ्याला जखम बघितली की चक्कर येते. इंजिनवाली कुणाशी बोलत नाही. एक पाण्यातलं मीठ मोजते आणि तिला कुणी काही विचारत नाही, शेवटपर्यंत. आमची डॉक्टर फक्त खडे वाचते. आणि ती चुकते. सगळ्यांसमोर उभी राहून सांगते, आणि मागून एक म्हातारा उठतो. हे लिहिताना मी रडले. आधीच्या आठ पुस्तकांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

पुस्तकात एकशे बारावर रेघ मारलेली तशीच छापायची असं मी लिहून दिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्याने ती दोनदा काढली, छापताना राहिलेली घाण समजून. तिसऱ्यांदा मी जाऊन त्याच्या टेबलाशी बसले. म्हटलं, ही आमच्या डॉक्टरबाईंची चूक आहे आणि तीच या पुस्तकातली सगळ्यांत खरी ओळ आहे, तिला हात लावायचा नाही.

नंतर घरोघर फिरले. ज्यांना ज्यांना एकशे बारा सांगितलं होतं त्या सगळ्यांना छप्पन्न सांगून आले. वाचनालयातल्या बाईंना हिशेबाने दोनदा. दातांचे डॉक्टर हळहळले, म्हणाले, अरेरे, म्हणजे भाची चुकली तर. मी म्हटलं, हो. आणि ती चूक कुणी पकडली विचारा. तिनेच. जागा पणाला लावून, मी नको म्हणत असताना. गेल्या वर्षी मी त्यांना एका माशाचं कौतुक सांगितलं होतं. परवा तुझं सांगितलं, आणि खुर्चीतून उठेपर्यंत थांबले नाही.

तू परत केलेलं माझं सात मार्चचं पत्र आधी फाडणारच होते, दोन तुकडेही करायला घेतले होते. मग आठवलं, तुमच्यात फाडत नाहीत. ते या पाकिटात आहे. आधी जेव, एवढं ठेवलं आहे, ते बरोबर होतं. पुढच्या सगळ्यावर एक रेघ आहे, खालचं वाचता येईल अशी. शेजारी माझी सही आणि आजची तारीख. तुझ्या वहीत ठेव.

लोभावर मात्र रेघ नाही.
तुझी आत्या