तिसऱ्या मेपलखाली

२९ एप्रिल, सोमवार

कोण ही बाई? सकाळपासून मागच्या पार्कात मशीन घेऊन फिरतेय. हातात लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. गवतावरून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. मधेच वाकते, माती उकरते, काहीतरी उचलते आणि खिशात! काय उचलते?

आपल्यातली दिसते. म्हणून तर जास्तच संशय.

३० एप्रिल

पुन्हा आली. आज आमच्या कुंपणाच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवून होते, तव्यावरची पोळी करपली. पहिल्या मेपलपाशी बराच वेळ रेंगाळली. मग दुसऱ्या. तिसऱ्यापाशी जायच्या आत पाऊस आला. बरं झालं!

१ मे

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

तिसऱ्या मेपलखाली आमचा वास्तुपुरुष आहे.

एकोणऐंशी साली हे घर घेतलं. कॅनडातल्या या वॉटर्लूत तेव्हा भटजी कुठून आणायचे! युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवणाऱ्या राजननी पोथी बघून वास्तुशांत केली. होमाचा धूर झाला आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, तरी त्यांनी मंत्र सोडला नाही. चांदीची एवढीशी प्रतिमा, पंचरत्नं, आणि माझ्या आईने सांगलीहून पाठवलेली तिच्या माळेतली सोन्याची पुतळी — सगळं तांब्याच्या डबीत. राजन म्हणाले, घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची, प्रतिमा पालथी. आमचा आग्नेय कोपरा म्हणजे बेसमेंटमधली लाँड्री. खाली काँक्रीट. आणि आमचे हे, रविकांत, पडले सिव्हिल इंजिनियर! "स्लॅब फोडायचा नाही. पाणी आत येईल. एका बाहुलीसाठी?" सगळ्या पाहुण्यांसमोर हसले. मग डबी उचलली, मागच्या दाराने पार्कात गेले आणि तिसऱ्या मेपलखाली पुरून आले. हात झटकत म्हणाले, "आग्नेयच आहे. जरा लांबची."

मी ते कधी विसरले नाही. घराचा देव घराबाहेर! बेसमेंटमध्ये पाणी यायचं ते आलंच. मुलीचं, अनन्याचं लग्न मोडलं. ह्यांना स्ट्रोक आला तो ह्याच जिन्यात. प्रत्येक वेळी मी म्हटलं — होणारच, या घराला वास्तूच नाही! आई सांगायची, घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो. त्यावर ह्यांचा विनोद ठरलेला — "आपला पार्कात राहतो. त्याला ऐकू येत नाही. बोल हवं ते!" पुढे कधीतरी तोही विनोद बंद पडला. मी वाकडं बोलले की नुसतं, "जयू, हळू बोल." हळू कशाला? घरात आम्ही दोघंच!

आता मी एकटी. अनन्या बर्नाबीहून रोज फोन करते. "मॉम, जस्ट सेल इट." विकणार आहे. अठराला एजंट फोटो काढायला येतोय. जीव अडकावा असं या घरात काही नाही. पण डबी न घेता मी हलणार नाही. आईची शेवटची खूण आहे ती. आणि वास्तुपुरुषाला कुत्र्यांच्या पायाखाली टाकून जायचं? माती जरा सुकली की मी खणणार होते. नेमकी ही बया टपकली!

३ मे

आज गेलेच बाहेर. चालायला निघाल्यासारखं केलं.

"काकू, मराठी ना तुम्ही?" तिनेच विचारलं. कसं ओळखलं कोण जाणे. रश्मी नाव. लगेच नंबरही दिला. चाळिशीची असेल, नागपूरची. शेजारच्या किचनर गावात सॉफ्टवेअरमध्ये होती, मार्चमध्ये लेऑफ झाला. "घरात बसून किती अप्लाय करणार, काकू? म्हणून मग जुने नाणे शोधून राहिली."

मातीखाली धातू असला की मशीन वाजतं म्हणे. खिशातून एकेक काढून दाखवलं. काळी पडलेली पेनी, जॉर्ज राजाची. बसचं टोकन. बाकी कोल्ड्रिंकच्या कॅनची झाकणं. म्हटलं, एवढंच? हसली नुसती. सगळं दाखवलं असेल कशावरून?

आणि मग मी मूर्खपणा केला. तिसऱ्या मेपलकडे हात करून म्हटलं, "तिकडे जाऊ नकोस. मुळंच मुळं आहेत. काही मिळायचं नाही."

"तुम्हाला कसं माहीत, काकू?"

जीभ हासडून घ्यावीशी वाटली.

५ मे

ग्रोसरी घेऊन आले तर तिसऱ्या मेपलखाली ताजी माती! गवताचा तुकडा कापून परत बसवलेला, अगदी सफाईने. म्हणे, मला कळणार नाही! काल आली नव्हती. आज मी दार लावून गेले आणि ही हजर. माझ्यावर पाळत ठेवते की काय?

उद्या खणणार.

६ मे

खणलं. गुडघ्यांनी आरडाओरडा केला, तरी खणलं. उजेड होता, लोक बघत होते. एक कुत्रेवाला थांबून "लॉस्ट समथिंग?" म्हणाला. येस म्हटलं. कोपरापर्यंत हात आत गेला.

डबी नाही.

नेली! आईची पुतळी, वास्तुपुरुष — सगळं नेलं तिने. काकू काकू करत!

७ मे

आज तिची वाटच बघत होते. समोर जाऊन उभी राहिले. "माझी डबी दे. मी पोलिसांत जाणार नाही. पण दे."

"काकू, मी इथून फक्त बाटलीचं झाकण काढलं. आईची शपथ!" डोळ्यांत पाणी. नाटक? नोकरी गेलेली बाई, सोनं दिसलं तर सोडेल? मी सगळं तोंडावर बोलले. वास्तुपुरुष, पुतळी, सगळं. तिने माझ्याच खड्ड्यात चकती धरली. वाजली! तिने अजून वीतभर खाली उकरलं आणि काढलं काय, तर डॉलरचं नाणं. थुंकी लावून पुसलं. १९९६.

"हे इतकं खाली आपोआप नाही जात, काकू. कोणीतरी ठेवलं. खड्डा केव्हाचा, ते आम्ही आतल्या नाण्यावरून धरतो. नाण्याच्या आधीचा नसतोच. तुमची डबी शहाण्णवला निघाली, नाहीतर त्यानंतर." मग नाक पुसत म्हणाली, "शहाण्णवला मी नागपूरला पाचवीत होती."

नाणं तिच्या हातातून घेतलं आणि निघाले. घरी आल्यावर सुचलं. नाणं तिच्याच खिशातलं नसेल कशावरून?

८ मे

झोप नाही. नाणं देवापुढे ठेवलंय, त्याच्याकडे बघत बसते.

चोर कधी डॉलर ठेवून जातो? जमिनीतून काही काढलं तर जागा मोकळी सोडू नये, पैसा ठेवावा — हे आपल्यातल्यालाच सुचणार. गोऱ्याला नाही. म्हणजे ज्याला जागा माहीत होती तो. ह्यांच्याशिवाय जागा कुणाला माहीत? राजनना! पुतळीचं वजनसुद्धा त्यांना माहीत होतं. पोथी वाचणारा माणूस, असं करेल? माणसाचं काय सांगावं.

उद्या फोन करून सरळ विचारणार.

९ मे

राजन आता ऐंशीच्या वर आहेत, पण आवाज खणखणीत. सरळच विचारलं, डबी तुम्ही काढलीत का? ते हसायला लागले!

"जयंती, तुला अजून माहीत नाही? रविकांतने मला विचारलं होतं — जागा बदलायची तर जुन्या जागेत काय ठेवायचं? मी म्हटलं, एक नाणं ठेव. तू सांगलीला होतीस तेव्हा. तुझी आई गेली होती ना. म्हणाला, ती परत येईल तेव्हा घरात सगळं जागच्या जागी हवं. आणि मला दम दिला, जयूला सांगू नका, जन्मभर ऐकवेल!"

फोन ठेवला.

आई गेली त्या वर्षी मी दोन महिने तिकडे होते. परत आले तर लाँड्रीत सगळं नवीन. हे म्हणाले, पाणी आलं होतं, दुरुस्ती केली. मी चिडले होते. मला न विचारता मशीन कोपऱ्यात का ढकललं म्हणून.

रश्मीला मेसेज केला. नुसतं मशीन घेऊन ये, एवढंच लिहिलं. माफी फोनवर मागायची नसते.

१० मे, अक्षय्य तृतीया

रश्मी आली. आधी माफी मागितली, डब्यातल्या पल्पचा का होईना, आमरस वाढला. मग आम्ही दोघींनी वॉशिंग मशीन ओढून बाजूला केलं. खाली काँक्रीटचा एक चौकोन, बाकीच्या जमिनीपेक्षा काळसर. त्यावर ओल्या सिमेंटमध्ये बोटाने काढलेला श्री. ह्यांचाच, डावीकडे कललेला. तिने चकती धरली. वाजली.

"काढायची, काकू?"

नको म्हटलं. पालथा निजलाय, निजू दे.

म्हणजे इतकी वर्षं तो इथेच होता. मी जे जे बोलले, ते सगळं ऐकत. म्हणून म्हणायचे, जयू, हळू बोल!

एजंटला कळवलं, येऊ नका. रश्मी गेल्यावर पुन्हा खाली उतरले, चौकोनापाशी उभी राहिले आणि चांगलं मोठ्याने म्हटलं, "मी इथेच राहणार आहे." मग गप्प झाले, त्याचं ऐकायला.